भिंतीवरची रेघ कागदावर

साडीवर भरतकाम करायचे ठरले की आपल्याकडच्या बायका आधी नक्षी ‘छापून’ आणतात. बेळगाव असो, निपाणी असो की धारवाड, बाजारपेठेतल्या एखाद्या बोळात हे छापून देणारे दुकान असतेच. दुकान कसले, एक लांबट टेबल आणि भिंतीला टांगलेल्या बटर पेपरच्या गुंडाळ्या. आपण नक्षी निवडली की दुकानदार तो भोकाभोकांचा कागद पदरावर अंथरतो, रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीत नाहीतर पांढऱ्या पुडीत बोळा बुडवतो आणि कागदावरून एकदा सफाईने फिरवतो. कागद उचलला की पदरावर ठिपक्याठिपक्यांची कोयरी उभी. आपण पैसे देतो, घरी येतो, आणि त्या माणसाच्या हातात काही कला आहे असे कुणाच्या मनातही येत नाही.

पण वाचकहो, रोममधल्या सिस्टाइन चॅपेलचे छत १५०८ ते १५१२ या काळात रंगवताना मायकेलअँजेलोने जी युक्ती वापरली, त्यातली एक हीच होती. आधी पूर्ण आकाराचे चित्र कागदावर काढायचे, त्याच्या रेघांवर सुईने भोके पाडायची, कागद ओल्या गिलाव्यावर धरायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची. पुडी भोकांतून आत जाते, भिंतीवर ठिपके उमटतात. त्याच छतावर काही ठिकाणी त्याने कागदावरून बोथट टोच्याने रेघ दाबून ओल्या चुन्यावर वण उठवले आहेत. अशा मोठ्या कागदाला इटालियन भाषेत ‘कार्तोने’ म्हणत. आपला ‘कार्टून’ हा शब्द त्यातूनच आला. लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाने १८४३ मध्ये थट्टेच्या चित्रांना ते नाव दिले आणि मूळ अर्थ मागे पडला. राफाएलच्या ‘स्कूल ऑफ अथेन्स’ या भित्तिचित्राचे असे कार्टून आजही मिलान शहरात जपलेले आहे. सुमारे आठ मीटर लांबीचे, आणि रेघेरेघेवर सुईची भोके!

आपल्याकडेही हे ज्ञान जुनेच. मुघल आणि राजपूत चित्रशाळांत हरणाच्या पातळ, पारदर्शक कातड्यावर मूळ चित्राच्या रेघा उतरवून घेत. त्याला चरबा म्हणत. मग त्याला टोचून, कोळशाची पूड थोपटून तेच चित्र नव्या कागदावर आणत. आपण ‘कामाचा खाका तयार केला’ असे सहज म्हणतो. त्या ‘खाका’ शब्दाच्या पोटात फारसी ‘खाक’ आहे, म्हणजे धूळ. चित्रकाराच्या पुरचुंडीतली ही धूळच पुढे सरकारी कागदपत्रांत जाऊन बसली.

शाळेत मात्र आम्हाला शिकवले गेले की ट्रेसिंग म्हणजे नक्कल आणि नक्कल म्हणजे लबाडी. चित्रकला शिकवण्यात माझीही हयात गेली, आणि हे मत मला कधी पटले नाही. रेघ सुचणे हे एक काम आणि सुचलेली रेघ न बिघडवता योग्य जागी नेऊन ठेवणे हे दुसरे. दुसऱ्या कामालाही हात लागतो. आपल्या घरात याची दोन टोके रोज दिसतात. दारात रांगोळीचा भोकाभोकांचा पत्र्याचा छाप असतो, तो म्हणजे खाकाच. आणि सासूबाईंच्या इरकल साडीवर कसुती असते, तिथे खाका अजिबात चालत नाही. कसुतीत कापडावर आधी काहीच रेखत नाहीत. उभे-आडवे धागे मोजत गोपूर, पालखी, तुळशीवृंदावन उठवायचे. चूक झाली तर उसवायचे. या दोन टोकांची गाठ पुढे एका भिंतीपाशी पडली, म्हणून हे सांगितले.

त्याचे असे झाले. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका वाचक भगिनींचे पत्र आले. माहेर डिचोली तालुक्यातले लाटंबार्से, सासर बेळगाव, सासूबाई मूळच्या धारवाडकडच्या. घरात मुले आजीशी कन्नड आणि आईशी मराठी बोलतात. आपल्या बहुतेक वाचकांच्या घरी असते तसेच घर. नाव छापू नये असे त्यांनी लिहिले आहे. माहेरच्या जुन्या घरात देवाच्या खोलीच्या भिंतीवर लाल-पांढरे चित्र आहे: मधे गणपती, दोन बाजूंना दोन पोपट, भोवती कमळांची किनार. पणजोबांच्या काळी कुणी कारागिराने काढलेले. भाऊ आता घर पाडून नवे बांधणार. चित्राचा मोबाइलवर फोटो काढून नव्या खोलीत छापील टाइल्स बसवायच्या असे त्याचे म्हणणे. ‘फोटो पुरेसा नाही असे मला वाटते, पण का ते सांगता येत नाही. तुम्ही सांगाल का?’ असा प्रश्न होता.

बेळगावाहून चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली करत दोडामार्गाच्या दिशेला लागले की हा भाग येतो. कासारपालच्या कालिकेला जाणाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे. माती लाल. त्या भिंतीवरचा लाल रंगही या मातीचाच भाऊबंद. त्याला आपण काव म्हणतो. कन्नड वाचकांना ‘कावी बट्टे’ म्हटले की संन्याशाची छाटी आठवेल, शब्द तोच. डिचोलीच्या खाणींतले लोहखनिज बोटी भरभरून जपानला गेले, त्याच लोहाच्या गंजाचा हा रंग. त्यामुळे तो उन्हात विटत नाही.

या कलेला कावी कला म्हणतात. गोवा, दक्षिण कोकण आणि खाली कारवार, अंकोला, कुमठा, भटकळपर्यंतच्या पट्ट्यात ती देवळांच्या, घरांच्या भिंतींवर फुलली. पेडणे तालुक्यात मोरजीच्या मोरजाई देवळात ती पाहायला मिळते. होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत (१९३४–२००२) यांनी या पट्ट्यातली देवळे हिंडून तिची छायाचित्रे आणि रेखाटने केली, त्यावर कन्नडमधून लिहिले. गोव्यात चित्रकार सागर नाईक मुळे ती पुन्हा हातात घेऊन बसले आहेत. २०२१ च्या डिसेंबरात ‘मन की बात’मध्ये त्यांचे नाव आले तेव्हा अनेकांनी कावी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

तिचे तंत्र आपल्या नेहमीच्या कल्पनेच्या उलटे आहे. चित्रकार रंग लावतो, कावीचा कारागीर रंग काढतो. शिंपल्या भाजून केलेला चुना, धुतलेली वाळू आणि गूळ एकत्र करून ते मिश्रण काही दिवस मुरवतात, मग चांगले कुटतात. त्याचा पांढरा गिलावा भिंतीला द्यायचा. तो ओलसर असतानाच वर काव मिसळलेला चुन्याचा पातळ थर. हा लाल थर पुरता सुकायच्या आत टोकदार हत्याराने जिथे पांढरे हवे तिथे खरवडायचे. वर्तुळासाठी परकार, सरळ रेघेसाठी सूत. मग भिंतीवर काही दिवस पाणी शिंपडायचे आणि गुळगुळीत गोट्याने घासून तकाकी आणायची. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत दगड बनतो आणि काव त्यात कायमची अडकते. ब्रशने चुकलेली रेघ पुसता येते, इथे खरवडलेले परत चिकटवता येत नाही. म्हणूनच कावीत आधीची आखणी नीट हवी.

मे महिन्यात एका शनिवारी आम्ही लाटंबार्सेला गेलो. भगिनी, त्यांच्या सासूबाई आणि मी. भाऊ काही दुष्ट माणूस नव्हे. भिंत मातीची, खालून वाळवी लागलेली, एका बाजूला फुगलेली. दर पावसाळ्यात घरातली माणसे वर बघत झोपतात. ‘चित्र ठेवायचे तर आम्ही राहायचे कुठे?’ हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. म्हणून ‘पाडू नका’ असा उपदेश मी केला नाही. चित्र उतरवून घेऊ एवढेच म्हटले.

फोटो का पुरत नाही, याचे उत्तर सासूबाईंनी दिले. त्यांना मराठी समजते, बोलतात कमी. चष्मा पुसून त्या किनारीपुढे बसल्या आणि कसुतीचे धागे मोजावेत तशा कमळाच्या पाकळ्या मोजू लागल्या. सात, सात, सात. उजव्या कोपऱ्याशी आल्यावर थांबल्या. शेवटचे कमळ पाच पाकळ्यांचे, जरा आवळलेले. भाऊ म्हणाला, ‘चुकले असेल त्याचे.’ सासूबाई म्हणाल्या, ‘इदु तप्पल्ल, जागा कम्मी आगेद.’ चूक नाही, जागा कमी पडली. बरोबर होते. कारागीर डावीकडून उजवीकडे अंदाजाने कमळे काढत गेला, कोपऱ्याला वीतभरही जागा उरली नाही, तेव्हा हात न थांबवता त्याने दोन पाकळ्या गाळल्या. खाका लावून किनार उमटवली असती तर असे झाले नसते. म्हणजे गणपती त्याने कसा उतरवला असेल ते असो, किनार मात्र हातानेच काढली होती. आता टाइल्सवाल्याने काय केले असते? एक चांगले कमळ निवडले असते आणि संगणकावर त्याच्याच प्रती ओळीने लावल्या असत्या. किनार सुबक दिसली असती, आणि पणजोबांनी बोलावलेला तो अनामिक माणूस भिंतीवरून नाहीसा झाला असता. भाऊ थोडा वेळ काही बोलला नाही. मग स्वतःच शिडी घेऊन आला.

आता कृती. ज्यांच्या माहेरी, आजोळी, कुलदेवतेच्या देवळात अशी भिंत आहे त्यांनी ही कापून ठेवावी.

सर्वांत आधी काय करू नये ते. रेघा उठून दिसाव्यात म्हणून भिंतीवर पाणी, तेल, व्हार्निश काही लावू नका. अजिंठ्याला एकोणिसाव्या शतकात प्रती करणाऱ्यांनी चित्रे उजळावीत म्हणून व्हार्निश फासले. ते पिवळे पडले, पापुद्रे सुटू लागले, आणि १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ आणून ते काढावे लागले. भिंत फक्त मऊ, कोरड्या कुंचल्याने झाडायची. फुगलेल्या भागाला तर हातही लावायचा नाही, तो फोटोवरच सोडायचा.

मग पारदर्शक फिल्म घ्या. बटर पेपरही चालतो, पण त्यावर पेन्सिल दाबावी लागते आणि तो दाब भिंतीला लागतो. फिल्मवर मार्कर नुसता टेकवला तरी पुरते. फिल्म भिंतीला चिकटवू नका, वरच्या वाशाला दोरी बांधून टांगा. पहिली रेघ गणपतीची काढायची नाही, ओळंब्याची काढायची. गवंड्याचा ओळंबा सोडून उभी रेघ आणि पाण्याच्या नळीने लेव्हल घेऊन आडवी रेघ, या दोन प्रत्येक तुकड्यावर हव्यात. नाहीतर नव्या भिंतीवर देव तिरका बसतो. मग चित्राच्या कडा उतरवा. जिथे खरवडलेले आहे तिथे बारीक फुली मारा, म्हणजे कुठला भाग लाल आणि कुठला पांढरा याचा नंतर घोळ होत नाही. जिथे गिलावा गळाला आहे तिथे स्वतःच्या मनाने रेघ जोडायची नाही. जोडायचीच असेल तर तुटक रेघ काढा, म्हणजे जुने किती आणि आपले किती ते पुढच्याला कळेल. आम्हाला दीड दिवस लागला. फिल्मचे अकरा तुकडे झाले. पोपटाच्या चोचीतली डहाळी नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती, ती भाऊच्या शाळकरी मुलीने विजेरी आडवी धरून शोधली. उजेड बाजूने टाकला की खरवडलेल्या रेघेची सावली पडते. ही युक्ती मीही तिच्याकडूनच शिकलो.

फोटो काढायचे नाहीत असे नव्हे. जरूर काढा, शेजारी फूटपट्टी धरून काढा. पण मोबाइलच्या भिंगाने कडा वाकतात, कॅमेरा थोडा खाली-वर झाला की गणपतीचे पोट वाढते. फोटो रंगाची आठवण म्हणून, माप मात्र फिल्मवरचे.

फिल्मवरून चित्र जाड कागदावर उतरवले की टोचणे. कागदाखाली दुमडलेले घोंगडे घ्या, सुईच्या मागे बुचाचा तुकडा खोचा, नाहीतर तासाभरात बोट सोलते. वळणावर भोके जवळजवळ, सरळ रेघेवर थोडी लांब. भुवई, सोंडेचे टोक, डोळा इथे घाई करू नका, कारण दोन भोकांमधली जागा पुढे कुणीतरी आपल्या अंदाजाने भरणार असते. टोचून झाल्यावर कागद उलटा करून बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. भोकांच्या मागे उठलेली कड निघाली नाही तर पुडी अडते.

पुडीसाठी म्हैसूर शैलीचे जुने चित्रकार रेखाटनाला वापरत तसा चिंचेच्या काटक्यांचा कोळसा उत्तम. वाटून मलमलच्या फडक्यात बांधायचा. पुरचुंडी थोपटायची, घासायची नाही. साडीवाला घासतो, कारण त्याचा रंग ओला असतो. पांढऱ्या भिंतीवर कोळसा चालतो, पण कावीच्या लाल थरावर तो नीट दिसत नाही, तिथे खडूची पूड घ्यावी. थर फार ओला असेल तर पुडी त्यात विरते. तेव्हा मायकेलअँजेलोची दुसरी युक्ती, बोथट टोच्याने कागदावरून रेघ दाबणे, हीच बरी. एका दिवसात खरवडून होईल तेवढाच लाल थर लावावा.

नव्या घरात कावी सिमेंटवर करू नका. सिमेंटच्या घट्ट गिलाव्यावर चुन्याचा थर नीट धरत नाही आणि मागून येणारे क्षार रंगावर पांढरे फुटतात. देवाच्या खोलीत तीन-चार फुटांचा एक भाग चिऱ्याचा ठेवून त्याला चुन्याचा गिलावा दिला तरी काम होते. भाऊने तेवढे कबूल केले आहे. जुनी भिंत दिवाळीनंतर उतरेल. चुन्याचे काम जाणणारा माणूस मिळेपर्यंत तो चौकोन रिकामा राहिला तरी चालेल असे त्याचे म्हणणे, आणि मला ते टाइल्सपेक्षा शहाणपणाचे वाटते.

एक गोष्ट देवस्थान समित्यांवर असलेल्या वाचकांसाठी. आपल्यापैकी कितीतरी जणांची कुलदैवते गोव्यात, कारवारकडे आहेत. जीर्णोद्धाराच्या वर्गणीचे पावतीपुस्तक वर्षातून एकदा तरी घरी येते. राहत्या घराची अडचण वेगळी आणि देवळाची वेगळी. चांगल्या स्थितीतली कावीची भिंत ग्रॅनाइटसाठी पाडायला ‘खाका घेतला आहे’ ही सबब होऊ शकत नाही. अजिंठ्याच्या प्रतींचे काय झाले ते आठवावे. मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ पासून पुन्हा प्रती केल्या, त्यांतल्याही अनेक १८८५ च्या आगीत जळाल्या. अजिंठ्याची भिंत जागेवर होती म्हणून पुन्हा जाता आले. वर्गणी देताना एवढे विचारावे: सभामंडपाच्या भिंतीवर चुन्याच्या रंगाखाली काय आहे ते कुणी पाहिले आहे का?

खाक्याच्या नेहमी दोन प्रती करा. टोचताना खाली दुसरा कागद ठेवला की ती आपोआप होते. एक मूळ गावी, एक इकडे. प्रत्येकीवर मऊ पेन्सिलीने तारीख, गाव, खोली आणि भिंतीची दिशा लिहा. शाईने लिहू नका, ओल लागली की ती पसरते. घडी घालायची नाही आणि लॅमिनेशन तर मुळीच नाही, त्यात भोके बुजतात. प्लंबरकडून प्लॅस्टिकचा चार इंची पाइप आणून त्यात गुंडाळी ठेवा, दोन्ही तोंडांना सुती फडके बांधा. झाकण घट्ट बसवले तर आषाढात आत बुरशी धरते.